बेसनाचा लाडू आणि तुमचा सेन्सर

घरात राहणाऱ्या माणसांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रांवर संशोधन करणारे प्राध्यापक, त्यांचे विद्यार्थी आणि या कामाला पैसा पुरवणाऱ्या संस्था यांस,

स. न. वि. वि.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी सव्वासहाला मुलाचा फोन आला. तो सिएटलला असतो, तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. नेहमीसारखं ‘कशी आहेस’ नाही, थेट प्रश्न : “आई, रात्री पावणेतीनला तू स्वयंपाकघरात अकरा मिनिटं काय करत होतीस?”

मी बेसनाचा लाडू खात होते. मला मधुमेह आहे. लाडू खालच्या मजल्यावरच्या मुलांसाठी केले होते आणि डबा फडताळात साबुदाण्याच्या डब्यामागे लपवला होता, तो मुख्यतः माझ्यापासूनच. मुलाला म्हटलं, “पाणी प्यायला उठले होते.” लहानपणी आईपासून लपवून लाडू खाल्ले, ७६व्या वर्षी मुलापासून. मधे सासूबाई होत्या, पण त्या रात्री गाढ झोपत.

यंत्रांना नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आहे. तरंगलांबी, डॉप्लर, परावर्तन या शब्दांची मला भीती वाटत नाही. आणि घरात सेन्सर लावायला हो मीच म्हटलं होतं. त्याला कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. दिवाळीत त्यांच्या कामाच्या बाई गावी गेल्या होत्या. वसुबारसेच्या रात्री त्या पडल्या आणि नरकचतुर्दशीच्या सकाळी सापडल्या. मी फराळाचं ताट घेऊन वर गेले तेव्हा दुधाच्या पिशव्या दाराला तशाच लटकत होत्या. त्या वाचल्या, पण पुन्हा आपल्या पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. त्यांची जमीन म्हणजे माझं छत. त्या छतावर त्या दीड दिवस पडून होत्या आणि मी खाली चकल्या तळत होते.

म्हणून मुलाने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

एका कंपनीची माणसं आली. त्यांच्याबरोबर एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली तीन मुलं होती, कारण माझं घर त्यांच्या प्रकल्पातही धरलेलं होतं. हे मला ती मुलं सोफ्यावर बसून पाणी पीत असताना कळलं. चार खोल्यांत चार पांढऱ्या डब्या, दाराला चुंबकाची पट्टी, हॉलच्या आणि झोपायच्या खोलीच्या छताला एकेक रडार. “कॅमेरा एकही नाही हं आजी,” हे तिघांनी मिळून तीनदा सांगितलं.

आता जे पुढे झालं ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्या लेखांत ते येणार नाही.

पांढऱ्या डब्या म्हणजे पीआयआर सेन्सर. उष्णतेचा डोळा, पण बावळट डोळा. माणसाच्या अंगातून नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त तरंग निघतात. त्यांत बदल झाला तरच याला कळतं. माणूस हलला तर आहे, स्थिर बसला तर नाही. मी दुपारी शब्दकोडं घेऊन बसले की याच्या लेखी मी घर सोडून गेलेली असते. त्यात पुण्याचा एप्रिल-मे. पारा चाळिशीला टेकला की भिंत, पडदा आणि मी यांच्या तापमानात फारसा फरकच राहत नाही, मग हलले तरी दिसत नाही. वैशाखातल्या पंधरा दिवसांच्या नोंदी पाहिल्या तर दुपारी एक ते चार मी नाहीच. नागपूर-चंद्रपूरकडे हे यंत्र काय करत असेल देव जाणे; तिकडे अख्खी घरंच नाहीशी होत असतील.

रडार त्याहून हुशार. पण आमच्या छताला पंखा आहे. पंखा चारवर असला की माझ्या श्वासाचा आकडा वेडावाकडा येतो, कारण छाती हलते काही मिलिमीटर आणि पाती फिरतात चार फूट. वातानुकूलित प्रयोगशाळेत हे कुणाच्या ध्यानात येणार? शिवाय आमच्या हॉलमध्ये झोपाळा आहे. माहेरचा, सागवानी. त्यावर बसून मी संध्याकाळी स्तोत्रं म्हणते. ॲपने ती वेळ ‘सतत अस्वस्थ हालचाल’ अशी नोंदली. रामरक्षा म्हणताना मी अस्वस्थ असते, हे मला या वयात कळलं.

आणि आम्ही जमिनीवर राहतो हो. भाजी निवडायला जमिनीवर, नारळ खवायला विळी घेऊन जमिनीवर, देवासमोर पाटावर, उन्हाळ्यात दुपारी उघड्या फरशीवर चटई टाकून आडवं. तुमच्या यंत्राच्या दृष्टीने माणूस उभा असतो, खुर्चीवर असतो किंवा पलंगावर असतो. जमिनीवर आडवा झाला म्हणजे तो पडला. मे महिन्यात एका दुपारी डोळा लागला होता आणि दारावर धाडधाड थापा. उघडते तर वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि कुणाचं तरी पार्सल घेऊन आलेला एक मुलगा, तोही काळजीने आत डोकावतोय. मी गाउनमध्ये, केस मोकळे. माझ्या घरात मी आडवी झाले होते, एवढाच माझा गुन्हा.

खरी पडले ती आषाढात, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. तिथे डबी नव्हती, पाण्याने खराब होते म्हणून. रडारला भिंतीपलीकडचं दिसायला हवं होतं, निदान माहितीपत्रकात तसं लिहिलं होतं. मंगलबाई ओट्याशी भांडी घासत होत्या, बादली आपटल्याचा आवाज ऐकून त्या धावल्या. मनगट मुरगळलं, तेवढ्यावर निभावलं. ॲपमध्ये त्या दिवसाची नोंद आहे : ‘सर्व ठीक’.

मग मी वाचायला बसले. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि शिक्षकाला खोड असते.

यंत्राला पडणं ओळखायला शिकवायचं तर पडणारी माणसं हवीत. म्हाताऱ्यांना कोण पाडणार? म्हणून तरुण विद्यार्थी गादीवर पडून दाखवतात आणि यंत्र त्यावरून शिकतं. कोलंबियातल्या अँटिओकिया विद्यापीठाने २०१७ साली प्रसिद्ध केलेला ‘सिसफॉल’ नावाचा डेटासंच या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. तो अंगावर बांधायच्या सेन्सरचा, पण मुद्दा तोच. ३८ माणसं, त्यांतली १५ वयस्क. या पंधरांतून पडून दाखवलं एकाच व्यक्तीने, वय ६०, आणि ती व्यक्ती ज्युडोत तरबेज होती! ज्युडोत पहिला धडा असतो तोच मुळी नीट पडायचं कसं याचा. मी वाचून एकटीच हसले. सेन्सरने ते काय म्हणून नोंदवलं कोण जाणे. त्याआधी २०१२ साली युरोपातल्या काही संशोधकांनी अशाच अंगावरच्या सेन्सरसाठीच्या १३ पद्धती खऱ्याखुऱ्या २९ पडण्यांवर तपासल्या. प्रयोगशाळेत नव्वदीत गुण मिळवणाऱ्या या पद्धतींनी सरासरी ५७ टक्के पडणी ओळखली. बारावीला एवढ्या गुणांवर तुमच्याकडे प्रवेश मिळत नाही.

घरातल्या दिनक्रमाचंही तेच. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात डायेन कुक यांच्या ‘कासास’ प्रकल्पाने खऱ्या घरांमधल्या नोंदी जगाला खुल्या करून दिल्या, हे मोठं काम आहे. त्यातला ‘अरुबा’ नावाचा संच मी उघडून पाहिला. एकटी राहणारी बाई, अधूनमधून मुलं-नातवंडं येतात. स्वयंपाक, जेवण, भांडी, काम, आराम, झोप, पलंगावरून शौचालयाला जाणं, बाहेर जाणं, परत येणं. त्या अनोळखी बाईबद्दल मला फार जवळीक वाटली. तिच्या रात्रीच्या फेऱ्या मोजून कितीतरी जणांनी आपली यंत्रं शिकवली असतील. पण तिच्या दिवसात देवपूजा नाही, धान्य निवडणं नाही, दुपारी दार उघडं टाकून शेजारणीशी जिन्यात बोलणं नाही. आमच्याकडे भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा तीन दिवस घरात चौदा माणसं होती, रात्री दीडपर्यंत झिम्मा-फुगडी. तुमच्या यंत्राने ‘एकट्या व्यक्तीच्या वर्तनात गंभीर बिघाड’ असं कळवलं आणि सिएटलमध्ये माझ्या सुनेची झोप उडाली.

एवढ्यावर कुणी म्हणेल, आजी, हे बालपणीचे आजार आहेत, भारतीय घरांचा डेटा मिळाला की बरे होतील. होतील. माझी खरी तक्रार यंत्र चुकतं ही नाही. ते बरोबर येईल तेव्हाचं मला बोलायचं आहे. लाडवाच्या रात्री ते बरोबरच होतं.

त्याआधी एक कबुली. या शास्त्राचं मला अप्रूप आहे. एमआयटीच्या दीना कताबी आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी फदेल अदीब यांनी २०१३ साली वायफायच्या लहरींनी भिंतीपलीकडच्या माणसाची हालचाल टिपून दाखवली. २०१८ साली त्यांच्या गटाने भिंतीआडच्या माणसाची आकृतीच उभी केली, खांदा इथे, कोपर इथे, गुडघा इथे. आणि हल्लीच्या छोट्या रडारमध्ये वापरतात त्या पाच मिलिमीटरच्या लहरी? जगदीशचंद्र बोस १८९५च्या आसपास कोलकात्यात तेवढ्याच लांबीपर्यंतच्या लहरी तयार करत होते, भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवत होते. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. तेव्हा या लहरी घंटा वाजवायला जात होत्या. आता त्या बातमी घेऊन परत येतात.

कताबींच्या गटाचा २०२२चा लेख मात्र मी एका बैठकीत वाचू शकले नाही. झोपेतल्या श्वासावरून पार्किन्सन ओळखता येतो, अंगाला काही न लावता, खोलीतल्या रेडिओलहरींवरूनही, असं त्यांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडलं. आमच्या ह्यांना पार्किन्सन होता. निदान झालं तेव्हा हात चांगलाच थरथरत होता, सही जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत केला तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो. त्याआधी कितीतरी वर्षं मी त्यांच्या शेजारी झोपत होते. तो श्वास माझ्या कानाशी होता. मला तो ऐकू येत होता, वाचता येत नव्हता. तुमचं यंत्र तेव्हा असतं तर मी ते स्वतःच्या हाताने भिंतीला ठोकलं असतं. तेव्हा कृपा करून मला ‘तंत्रज्ञानाला घाबरणाऱ्या ज्येष्ठ नागरिक’ या खान्यात टाकू नका.

पण ती बातमी आधी कुणाला कळली असती? इथेच घोडं पेंड खातं. ह्यांच्या श्वासात काही बिघडलंय हे ह्यांच्याआधी ह्यांच्या मुलाला कळलं असतं, त्याच्याआधी कंपनीला, आणि सगळ्यांत आधी प्रकल्पातल्या कुणा एम.टेक.च्या मुलाला, कॅन्टीनमध्ये वडापाव खाताना.

तुमच्या सगळ्या लेखांत आणि माहितीपत्रकांत एक शब्द येतो : यूझर. मी बरेच दिवस समजत होते की यूझर म्हणजे मी. तसं नाही. ज्याच्या फोनवर ॲप तो यूझर. माझ्या फोनवर ॲप नाही. मागितलं तेव्हा उत्तर आलं की या खात्याला एकच ॲडमिन ठेवता येतो आणि तो मुलगा आहे. मला माझे स्वतःचे श्वास पाहायला मुलाकडून स्क्रीनशॉट मागवावे लागतात. मग मी कोण? विद्यार्थ्यांच्या फॉर्मवर त्याचं उत्तर होतं : ‘सब्जेक्ट क्रमांक ७’.

तो फॉर्म इंग्रजीत होता, साडेतीन पानांचा. “इथे सही करा आजी, फॉरमॅलिटी आहे.” मी चष्मा मागवला आणि वाचायला लागले तशी मुलं चुळबुळायला लागली. नोंदी किती काळ ठेवणार, याच्या पुढे रिकामी जागा. मी मधेच नको म्हटलं तर आधीच्या नोंदींचं काय, हे कुठेच नाही. संमती देणाऱ्याच्या सहीखाली ‘पालक / मुलगा’. घरातल्या वायफायच्या लहरीही वाचणार, असं मात्र त्यात होतं. मी त्यांना विचारलं, त्या लहरींचे किती उपवाहक, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांचे पट्टे, तुम्ही वाचता, आणि शेजारच्या फ्लॅटपर्यंत त्या जातात का? त्यांतली मुलगी दचकली आणि मग खरं उत्तर दिलं. जातात म्हणाली. भिंतीपलीकडे नवं लग्न झालेलं जोडपं राहतं. त्यांच्याकडे कुणी फॉर्म नेला नव्हता.

म्हणून ‘कॅमेरा नाही, त्यामुळे खासगीपणा अबाधित’ हे वाक्य वाचलं की माझं टाळकं सरकतं. कॅमेऱ्यावर मी पंचा टाकू शकते. साधा असला तर तो अंधारात आंधळा होतो, पडद्यापलीकडे पाहत नाही, आणि तो कुठे आहे हे दिसतं तरी. तुमच्या लहरींना अंधार नाही, पांघरूण नाही, भिंत नाही. माझा चेहरा दिसत नाही हे खरं. पण मी किती वेळा उठते, किती वेळ संडासात बसते, कुणी भेटायला आलं की माझी चाल बदलते का, झोपेत मी कशी तळमळते, हे ज्याला दिसतं त्याला चेहरा कशाला हवा? आमच्या पिढीतल्या बायका चेहरा उघडा ठेवून सगळं आयुष्य झाकून जगल्या आहेत. तुम्ही नेमकं उलट करताय.

आता तर वेगळी डबी लावायचीही गरज उरणार नाही. ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या ज्या संस्थेने वायफायची मानकं ठरवली तिने २०२५ साली ८०२.११बीएफ नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्याचं कामच हे, की घरातल्या राउटरने इंटरनेट पुरवता पुरवता माणसांच्या हालचालीही टिपाव्यात. केबलवाला राउटर बसवून गेला की पाळत बसलीच. आणि यंत्रात काय-काय आहे हे आपल्याला सांगितलं जाईल, या भरवशावर तरी कसं राहायचं? २०१९ साली गूगलला मान्य करावं लागलं की त्यांच्या ‘नेस्ट’ घरसुरक्षा यंत्रात मायक्रोफोन होता आणि तो तपशिलांत लिहायचा राहून गेला होता. राहून गेला! मीठ घालायचं राहतं तसं.

मंगलबाईंचं सांगायचं राहिलं. त्या अठरा वर्षं माझ्याकडे येतात. सेन्सर लागल्यावर दोन महिन्यांनी मुलाने सहज विचारलं, “आई, मंगलताई हल्ली चाळीस मिनिटांतच जातात का गं? पगार तर दीड तासाचा आहे.” मला लाज वाटली. त्याची नाही, माझी. मंगलबाईंनी ना फॉर्म पाहिला ना डब्या कशाच्या ते त्यांना कुणी सांगितलं. त्यांना वाटत होतं त्या उंदरांसाठीच्या आहेत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मी तुमच्याजवळ बसून चहा पिते ते बी त्यात येतं?” त्यानंतर पंधरा दिवस त्या उभ्यानेच चहा प्यायल्या. तुमच्या संशोधनात कामाला येणाऱ्या बाईला ‘नॉइज’ म्हणतात. ती गाळून टाकायची असते, म्हणजे उरलेला डेटा स्वच्छ होतो. आषाढात मला उचललं ते या नॉइजने.

मुलाबद्दल गैरसमज नको. तो रात्री दोन-दोनदा उठून ॲप उघडतो, हे सुनेने मला सांगितलं. त्याची भीती खरी आहे. वरच्या मजल्यावरची गोष्ट मीच त्याला सांगितली होती. पण आमचे फोन बदलले. पूर्वी तो विचारायचा, आज काय केलंस, आणि मी सांगायचे. थोडं वाढवून, थोडं लपवून, कधी एखादी गोष्ट त्याला हसवायला राखून ठेवून. आता त्याला आधीच माहीत असतं. तो तपासतो, मी खुलासे देते. आपली बातमी आपण सांगायची, यातही एक सुख असतं. ते कुठल्या आलेखात पडत नाही.

तुम्ही म्हणाल कायदा आहे. आहे. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०१२ साली न्यायालयात गेले तेव्हा ८६ वर्षांचे होते. म्हाताऱ्यांना खासगीपणाचं काय करायचंय, असं कुणी म्हटलं तर हे जरूर सांगा. पुढे २०२३ला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. तो मी वाचला. माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर तो लागू नाही. म्हणजे मुलगा सुटला. संशोधनासाठी माहिती वापरली, तिच्यावरून त्या माणसाबद्दल काही निर्णय घेतला नाही आणि ठरलेली मानकं पाळली, तर त्यालाही सूट. म्हणजे तुम्हीही बरेचसे सुटलात. कंपनी तेवढी कायद्यात सापडते, पण संमतीची सही तिने मुलाकडून घेतलेली. या तिघांच्या मधल्या फटीत माझी झोपायची खोली आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नीतितत्त्वं तुम्हाला माहीत असतील : माणसांवर आरोग्यविषयक संशोधन करायचं तर आचार समितीची परवानगी लागते, समजेल अशा भाषेत संमती लागते, केव्हाही बाहेर पडायची मुभा लागते. डॉक्टर हे पाळतात, निदान पाळायला हवं हे त्यांना ठाऊक असतं. अभियांत्रिकीवाले म्हणतात आम्ही फक्त सिग्नल मोजतो. माझा श्वास मोजणं हे आरोग्याचं संशोधन नाही, तर काय हवामानाचं आहे?

मला काय हवं ते आता सांगते. फार नाही.

पहिली प्रत मला द्या. जे काही टिपाल ते आधी माझ्या समोर येऊ दे, मराठीत, मोठ्या अक्षरात, चष्मा न लावता वाचता येईल असं. मग त्यातलं मुलाला काय कळवायचं ते मी ठरवीन. पडले आणि उठता आलं नाही, तर विचारत बसू नका, सगळ्या गावाला कळवा. बाकी लाडू माझा. प्रत्येक खोलीत एक कळ असू द्या, दिव्याच्या बटणासारखी, हाताला येईल अशा उंचीवर; ती बंद केली की यंत्र खरोखर बंद व्हायला हवं आणि ‘सेन्सर बंद आहे, लक्ष द्या’ असा निरोप सिएटलला जाता कामा नये. नाहीतर ती कळ नव्हे, चुगली आहे. आणि ज्यांचं डोकं शाबूत असतानाही ते चालत नाही असं तुम्ही गृहीत धरता, त्या माझ्यासारख्या दोघी-तिघींना आचार समितीवर घ्या. चहाचा खर्च आम्ही करू.

ज्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे त्यांचं काय, हा प्रश्न मला पडला आहे आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तिथे मुलाला, सुनेला ठरवावं लागेल. पण त्यांच्यासाठी केलेलं कुलूप आमच्या सगळ्यांच्या दाराला लावू नका.

आणखी एक. यंत्राला जास्तीत जास्त कळावं, यातच तुमची सगळी शर्यत चाललेली दिसते. कमीत कमी कळून भागेल का, यावर कुणी पीएच.डी. करतं का? जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ साली चहाच्या पाण्याची एक विजेची किटली आणली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने किटली वापरली की नाही, याचा निरोप दूरच्या नातेवाइकाला जायचा. बस्स. किती घोट, कोणत्या खोलीत, चेहरा कसा होता, काही नाही. आई उठली, चहा झाला. एवढं कळलं की मुलगा आपल्या कामाला लागतो. मिसूरी विद्यापीठाशी जोडलेल्या ‘टायगरप्लेस’ या ज्येष्ठांच्या वसाहतीत सेन्सर भरपूर बसवले, पण सूचना जायची ती तिथल्याच परिचारिकेकडे. माझी सूचना बारा हजार किलोमीटर दूर जाते आणि तिथून वॉचमनकडे परत येते. किटली आणि टायगरप्लेस, दोन्हीकडे आधी माणसाचा विचार झाला, मग यंत्राचा. तुमच्या विद्यार्थ्यांना हे उपाय भलतेच साधे वाटतील.

मुलांचा प्रकल्प मार्चमध्ये संपला. परीक्षा झाली, गुण मिळाले असतील. डब्या भिंतीवर तशाच आहेत, कुणी न्यायला आलं नाही. त्या अजून कुणाला काही कळवतात का, हे विचारायला फोन केला तर ‘सर बदलले’ असं कळलं. त्या दचकलेल्या मुलीचा मात्र परवा आपणहून फोन आला. नोकरी लागली म्हणाली, याच क्षेत्रात. म्हणाली, “आजी, एकदा येऊ का? तुमच्या घरात काय मोजू नये, ते मला लिहून घ्यायचंय.” मी ये म्हटलं. तुमच्यापैकी आणखी कुणाला यायचं असेल तर तुम्हीही या. दुपारी चारनंतर या, तोवर मी चटईवर असते.

स्वयंपाकघरातली डबी मी काढून ठेवली आहे. चिकटपट्टीचा डाग राहिलाय, खोबरेल लावून पाहते. बाकीच्या चालू आहेत. झोपायच्या खोलीतलं रडारही. मुलाला सगळं सांगितलं. लाडवाचंही. तो बराच वेळ हसला आणि मग विचारलं, किती खाल्लेस?

ते सांगितलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सब्जेक्ट क्रमांक ७
पुणे